नोलीनबाईंच्या शेगडीचा पाइप

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता नोलीन ट्रेगिअरबाईंच्या स्वयंपाकघराची जुनी वायर डॅरिल कोवाच ओढत असताना भिंतीतल्या भिंतीत तुटली. तो जिन्यातल्या मीटरच्या कपाटासमोर गुडघ्यांवर बसला होता. हातात वायरचं वीतभर शेपूट होतं. उरलेली वायर कुठे होती ते त्या भिंतीलाच ठाऊक.

वायर तुटली म्हणून इलेक्ट्रिशियनवर काही आभाळ कोसळत नाही. तीस वर्षांत डॅरिलच्या हातून शेकड्यांनी तुटल्या होत्या. पण या वायरला मुदत होती. चार वाजता नोलीनबाईंचा मुलगा रॉस येणार होता, आणि तोपर्यंत शेगडी तापली नाही तर तो आईला गाडीत बसवून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नेणार होता. तिथे एक खोली रिकामी झाली होती. ती शुक्रवारी चारपर्यंतच राखून ठेवू, असं तिथल्या लोकांनी बजावलं होतं.

याला जबाबदार कोण, तर स्वतः डॅरिल. मंगळवारी बाईंच्या किटलीच्या प्लगमधून धूर निघाला म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. त्याने प्लग उघडला, तर आतल्या वायरवरचं रबर शिळ्या बिस्किटासारखं हातात चुरलं. दुसरा एखादा असता तर नवा प्लग बसवून, चहा पिऊन चालता झाला असता. डॅरिल पडला प्रामाणिक. त्याने अख्ख्या फ्लॅटची वीज बंद केली, मेन स्विचवर लाल चिठ्ठी लावली आणि रॉसला फोन केला. रॉस दोन वर्षं आईच्या मागे लागला होता की एक्क्याऐंशीव्या वर्षी जिने चढत एकटी राहू नकोस. त्याला आयतंच निमित्त मिळालं.

"तीन दिवस द्या," डॅरिल तेव्हा छाती पुढे काढून म्हणाला होता. "तीन दिवसांत सगळ्या वायरी बदलून देतो. आणि एक वीट फोडणार नाही."

वीट न फोडण्याला फार महत्त्व होतं. न्यूकॅसलच्या समुद्राकडच्या चढावरची ही 'कोरल कोर्ट' लाल विटांची, तीन मजल्यांची, सहा फ्लॅटची. भिंती कोणा एकाच्या नव्हेत, सहाही मालकांच्या. भिंतीला छिन्नी लावायची तर सूचना, सभा, ठराव, अनुमोदन. दीड महिना सहज गेला असता. पण एकसष्ट वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांनी एक शहाणपण केलं होतं. वायरी नुसत्या भिंतीत न गाडता कंड्युट पाइपातून नेल्या होत्या. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची. जुनी बाहेर, नवी आत, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. गुरुवार संध्याकाळपर्यंत झोपायची खोली, हॉल, न्हाणीघर सगळं असं बिनबोभाट उरकलं होतं. राहिलं होतं फक्त स्वयंपाकघर.

"काय झालं?" नोलीनबाई दारात आल्या. डॅरिलचा कामावरचा जोडीदार कंबर धरून घरी पडला होता, त्यामुळे कालपासून वायरीचं दुसरं टोक बाईच सांभाळत होत्या. एप्रनवर त्यांनी त्याचा अवजारांचा पट्टा बांधला होता.

"तुटली."

"मग बांध."

"आत तुटली, नोलीनबाई. पाइपात."

"मग काढ."

बाई बंदराच्या कचेरीत आयुष्यभर सेक्रेटरी होत्या. जहाजांच्या कप्तानांशीही त्या असंच बोलत असणार.

डॅरिलने दोन्हीकडून वायरीचे तुकडे ओढून काढले. मधला तुकडा आतच राहिला. आता नवी वायर ओढायला पाइपातून आधी एखादी दोरी जायला हवी होती. त्यावर एक नामी उपाय होता. प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा करायचा, त्याला बारीक नायलॉनची दोरी बांधायची, बोळा पाइपाच्या एका तोंडात सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. बोळा दोरीसकट सुळकन पलीकडे.

बाईंची वीज बंद, म्हणून व्हॅक्यूमला जिन्यातल्या प्लगमधून वीज घेतली. डॅरिल कपाटापाशी दोरी धरून बसला आणि बाई स्वयंपाकघरात.

"तोंड घट्ट धरा हं, नोलीनबाई!"

"कोणाचं?"

"व्हॅक्यूमचं!"

यंत्र घोंघावलं. दोरी डॅरिलच्या बोटांतून सरसर निघाली. "चाललीये! चाललीये!" तो ओरडला. चार मीटर गेली आणि थांबली. त्याने हिसका दिला. दोरी ढिम्म. आतून बाईंचा आवाज आला, "डॅरिल, या नळीत काहीतरी कडकड वाजतंय. कोणी मूठभर धान्य ओतावं तसं."

यंत्राची पिशवी उघडून पाहिली, तर खरंच धान्य. बारीक, पिवळे राळ्याचे दाणे.

"उंदीर," डॅरिलने निदान केलं. "पाइपात कोठार करून ठेवलंय मेल्यांनी."

"माझ्या चव्वेचाळीस वर्षांत या इमारतीत उंदीर शिरलेला नाही," बाई म्हणाल्या. "शिरला असता तर समितीच्या इतिवृत्तात नोंद असती."

त्या क्षणी डॅरिलने विचार करायला हवा होता. भिंतीच्या पोटात ताजे, पिवळेधमक दाणे येतात कुठून? पण घड्याळात एक वाजत आला होता आणि घाईतल्या माणसाला विचार करायला वेळ नसतो. ओढून येत नाही तर फुंकून घालवू, असं ठरवून त्याने नळी काढली, यंत्राच्या हवा फेकणाऱ्या बाजूला जोडली, स्वयंपाकघराकडच्या तोंडातून पाइपात खुपसली आणि बटण दाबलं.

आधी नुसतीच धुसफुस झाली. मग पाइपातून 'फक्' असा आवाज आला आणि हवा मोकळी वाहू लागली.

"सुटला!" डॅरिल आनंदाने म्हणाला.

भिंतीपलीकडून कोणीतरी जोरात किंचाळलं.

नोलीनबाईंनी डोळे मिटले. "मर्व्ह," त्या म्हणाल्या.

बाईंच्या चार नंबरसमोर, तीन नंबरमध्ये मर्व्ह ऑडगर्स राहत. वय चौऱ्याहत्तर, विधुर, मालकांच्या समितीचे अध्यक्ष आणि हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या लॉन बोल्स या खेळाच्या क्लबचे कर्णधार. दीड वाजता त्यांच्या संघाचा उपांत्य सामना होता. त्यांनी पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरी टोपी असा इस्त्रीचा जामानिमा केला होता आणि निघता निघता आपल्या हिरव्या, बजी जातीच्या छोट्या पोपटाला दाणे घालायला ते पिंजऱ्यापाशी वाकले होते. पिंजऱ्यामागे भिंतीत वायरींचा एक जुना डबा होता. त्याचं झाकण कधीकाळी हरवलेलं. दोन्ही स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून होती आणि बाईंच्या शेगडीचा पाइप या डब्यातून वळसा घेऊन पलीकडे जात होता, हे डॅरिलला आत्ता कळलं. दाणे कुठून आले तेही कळलं.

मर्व्ह दारात येऊन उभे राहिले. एकसष्ट वर्षांची काजळी, सिमेंटची पूड आणि जळक्या रबराचा भुगा त्यांच्या अंगावर एकसारखा पसरला होता. पांढरे होते फक्त डोळे. बोटावर बसलेला पक्षी करडा झाला होता.

"कोणी केलं हे?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"साहेब, मी..."

"पांढऱ्या कपड्यांशिवाय क्लबच्या हिरवळीवर पाऊल ठेवू देत नाहीत, ठाऊक आहे तुला? अकरा वर्षांनी उपांत्य फेरी गाठलीये आम्ही! अकरा वर्षांनी!" मर्व्हचा आवाज चढत गेला. "अध्यक्ष या नात्याने हे काम मी या क्षणापासून बंद करतो!"

"अध्यक्षांना एकट्याने काम बंद करता येत नाही," नोलीनबाई शांतपणे म्हणाल्या. "नियम सहा. समितीची सभा लागते."

समितीच्या सेक्रेटरी नोलीनबाईच होत्या, आणि नियमांच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालून इमारतीत आजवर कोणी जिंकलं नव्हतं. मर्व्ह तर सत्तावीस वर्षं हरत आले होते.

त्यांनी क्लबला फोन करून माझ्यावाचून खेळा असं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. डॅरिलने शंभरदा माफी मागितली आणि तो पुन्हा कपाटाकडे धावला. डब्यापासून बाईंच्या शेगडीपर्यंतचा हातभर पाइप फुंकून स्वच्छ झाला होता. पण कपाटापासून डब्यापर्यंतचा लांब तुकडा? त्यात तुटकी वायर होती, बोळा होता, दोरी होती. डॅरिलने लवचीक पोलादी पट्टी आत सारली. पट्टी चार मीटर गेली आणि रुतली. मागे ओढली तर येईना. पुढे ढकलली तर जाईना. पाय भिंतीला लावून त्याने जोर केला, तेव्हा हातमोजा फाटला आणि तो जिन्याच्या कठड्यावर जाऊन आदळला.

अखेर त्याने पट्टी कापली. एकसष्ट वर्षं चाललेला पाइप त्याने तीन तासांत कायमचा बुजवून टाकला होता.

सव्वादोन वाजले होते.

"आता?" बाईंनी विचारलं. त्या अजूनही अवजारांचा पट्टा बांधून ताठ उभ्या होत्या, पण एप्रनचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"एक मार्ग आहे," डॅरिल म्हणाला. "नवा पाइप वरूनच लावायचा. कपाटातून निघून जिन्यातल्या या भिंतीवरून तीन मीटर, मग तुमच्या दारावरच्या झडपेतून आत. वीटही फोडायला नको. तासाभराचं काम."

"जिन्यातल्या भिंतीवर दिसेल तो?"

"थोडासा. करडा असतो. हवं तर रंगवून देतो."

"मग नाही चालणार. नियम चौदा. जिन्यातल्या भिंतीवर डोळ्यांना दिसेल असं काहीही लावायचं नाही."

"कोणी केलाय हा नियम?"

"मी."

"तिनेच केलाय!" मर्व्ह आपल्या दारातून म्हणाले. ते ओल्या फडक्याने पक्षी पुसत होते. "मी क्लबची ढाल लावायला एक खिळा मारला होता तिथे. एकच खिळा! तो उपटायला लावला मला बाईने."

डॅरिलने कपाळाला हात लावला. "समितीने परवानगी दिली तर?"

नोलीनबाईंनी क्षणभर विचार केला. "तर चालेल. समितीत आम्ही तिघं. मी, मर्व्ह आणि सहा नंबरची मेले."

मेले फिफिता इस्पितळात परिचारिका होती. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपली होती. डॅरिलने दार बडवून तिला उठवलं आणि ती झगा गुंडाळून, कठडा धरधरून खाली आली. जिन्यातच सभा भरली. अध्यक्ष काजळी माखलेल्या अवस्थेत पायरीवर बसले, खांद्यावर पक्षी. सेक्रेटरींनी आतून जाडजूड वही आणली आणि चष्मा लावला.

"प्रथम मागच्या सभेचं इतिवृत्त."

"आत्ता?" डॅरिल जवळजवळ रडला.

"त्याशिवाय सभा सुरू होत नाही."

मागच्या सभेत मागच्या अंगणातल्या कपडे वाळवायच्या दोरीवर सोमवारी कोणाचा हक्क, यावर दीड तास चर्चा झाली होती. ती सगळी शब्दशः लिहिलेली होती. बाईंनी ती शब्दशः वाचली. डॅरिल घड्याळाकडे बघत होता. दोन चाळीस. दोन पंचेचाळीस. मेलेचं डोकं दोनदा कठड्यावर आपटलं.

"मी बाजूने आहे," ती जागी होऊन म्हणाली. "आता जाऊ झोपायला?"

"ठराव मांडलेलाच नाही."

"मग मांडते. नोलीनमावशींना पाइप लावू द्या."

"अनुमोदन?" बाईंनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

डॅरिलने मर्व्हकडे पाहिलं आणि त्याचं अवसान गळालं. सत्तावीस वर्षांचा खिळा, अकरा वर्षांनी आलेला सामना. या माणसाकडून कसली अपेक्षा करायची?

"अनुमोदन," मर्व्ह पुटपुटले.

बाईंनी एकदम वर पाहिलं. मग पुन्हा खाली बघून लिहू लागल्या. "ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी संमत. सेक्रेटरीचा स्वतःचा संबंध असल्याने त्यांनी मतदान केलं नाही."

डॅरिलने पाइप उचलला.

"तथापि," बाई लिहीत होत्या, "सभेची सात दिवस आधी सूचना दिलेली नसल्याने सदर ठराव अवैध आहे." त्यांनी टोपण लावलं आणि वही मिटली.

"नोलीनबाई!" डॅरिल ओरडलाच. "तुम्हाला त्या टेकडीवर जायचंय का?"

"नाही जायचं." त्यांनी चष्मा काढला. "मुळीच जायचं नाही मला. तिथे सहा वाजता जेवायला घालतात आणि खिडक्या उघडत नाहीत. पण सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे खिळे उपटायला लावले, डॅरिल. आज माझ्यावर वेळ आली म्हणून नियम गुंडाळून ठेवला, तर मी नुसतीच एक खाष्ट बाई होते असं होईल."

त्यांनी अवजारांचा पट्टा सोडला, त्याच्या हातात दिला आणि बॅग भरायला आत निघून गेल्या.

मेलेचे डोळे भरून आले होते. डॅरिलला मंगळवारची ती लाल चिठ्ठी आठवली आणि आपण चहा पिऊन का निघून गेलो नाही, असं त्याला मनापासून वाटलं. हातातला पाइप खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"ए," मर्व्हने त्याची बाही ओढली. "इकडे ये."

त्यांनी डॅरिलला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. "माझ्या वायरींचा पाइप त्याच कपाटातून इथे येतो. तो बघ, जाडा आहे. त्यात तिची वायर मावेल?"

डॅरिलने वाकून पाहिलं. "मावेल."

"मग तिथून पुढे माझ्या भिंतीवरून तुझा पाइप, त्या पिंजऱ्यामागच्या डब्यापर्यंत. पुढचं मोकळं आहे म्हणालास ना?"

डॅरिलच्या मनात हे तासाभरापूर्वीच आलं होतं. पण ज्याचा सामना बुडवला त्याच्याकडेच भिंत मागायची कोणत्या तोंडाने? "मोकळं आहे," तो म्हणाला. "पण साहेब, घरात असा बदल करायलासुद्धा समितीची परवानगी..."

"नियम नऊ. मला काय शिकवतोस, अध्यक्ष आहे मी." मर्व्ह भिंतीवरचे क्लबचे फोटो भराभर उतरवू लागले. "काप पाइप."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. डॅरिलने मर्व्हच्या घरची वीज बंद केली आणि मापं घेतली. पाइप वाकवायला आत स्प्रिंग घालून तो गुडघ्यावर दाबायचा असतो. त्याने दाबला, छान काटकोन केला, भिंतीला लावला आणि पाहिलं तर पाइप डब्याऐवजी खिडकीकडे निघाला होता.

"उलटा वाकवलास," मर्व्ह म्हणाले.

"दिसतंय मला!"

"आणखी आहे ना?"

"एकच आहे."

दुसऱ्यांदा त्याने तीन वेळा माप घेतलं. या खेपेस वाकण नीट बसली. मर्व्ह क्लिपा हातात देत होते, डॅरिल स्क्रू पिळत होता. तीन पंचवीसला पाइप भिंतीवर होता. आता वायर. ती मर्व्हच्या जाड पाइपातून अर्धी आली आणि अडली.

"भांड्यांचा साबण!" डॅरिल ओरडला. "पातळ साबण आहे का?"

मर्व्हने अख्खी बाटली वायरीवर उपडी केली. एकाने कपाटातून सारायचं, दुसऱ्याने आतून ओढायचं. साबणाने हात सटकत होते, म्हणून मर्व्हने वायर मनगटाला गुंडाळली.

"एक विचारू?" डॅरिल धापा टाकत उघड्या दारातून म्हणाला. "तुम्ही हे कशाला करताय?"

"ओढ. बोलू नको."

वायर हातभर सरकली.

"ती गेली की सेक्रेटरी मला करतील," मर्व्ह म्हणाले. "मला ते इतिवृत्त लिहिता येत नाही." वायर आणखी हातभर सरकली. "आणि माझी डॉट गेली, तेव्हा हिने पहिल्याच आठवड्यात माझ्या पायपुसण्यावर तक्रारीचं पत्र ठेवलं. म्हणे, पायपुसणं चार इंच बाहेर आलंय. मी इतका चिडलो, इतका चिडलो, की महिन्याभरात पहिल्यांदा नीट जेवलो. टेकडीवर ती कोणाशी भांडणार? आणि इथे मी कोणाशी?"

वायर सुटली. मर्व्ह धपकन खाली बसले आणि वायरीचं टोक त्यांच्या मांडीवर आलं.

तीन चव्वेचाळीसला खाली गाडीचं दार वाजलं. मेले खिडकीतच होती. ती झोपायला गेलीच नव्हती. तिने धुतलेल्या चादरींची टोपली उचलली आणि धावत खाली गेली. रॉस फाटकातच भेटला.

"रॉस, देवासारखा आलास! या चादरी जरा माझ्याबरोबर वाळत घाल ना. माझे खांदे भरून आलेत रात्रपाळीने."

रॉस मुळात भला माणूस. त्याने घड्याळ बघितलं, वरच्या खिडकीकडे बघितलं आणि चादरीचं टोक धरलं. टोपलीत सात चादरी होत्या.

वर डॅरिल पाठीवर झोपून बाईंच्या शेगडीमागे वायरी जोडत होता. नोलीनबाई टोपी घालून, हातात पर्स घेऊन, भरलेल्या बॅगेशेजारी खुर्चीत बसल्या होत्या.

"काय करतोस रे तू अजून?"

"काही नाही. राहिलेले स्क्रू-बिक्रू बघतोय."

"खोटं बोलता येत नाही तुला," बाई म्हणाल्या. पण पुढे काही विचारलं नाही.

तीन त्रेपन्न. डॅरिलने मीटर लावून तपासलं. एकदा, दोनदा. काटा हवा तिथे आला. त्याने घाम पुसला, जिन्यात येऊन मेन स्विचवरची लाल चिठ्ठी फाडली आणि स्विच वर केला. पाठीमागे मर्व्ह खांद्यावर पक्षी घेऊन उभे होते.

काहीही उडालं नाही. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरला. शेगडीची चकती हळूहळू लाल झाली. डॅरिलने किटली भरली, प्लगमध्ये लावली, आणि रॉस हाताला ओल्या चादरीचा वास घेऊन मेलेबरोबर आत आला तेव्हा तिघंजण त्या किटलीभोवती उभे होते.

रॉसचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून होता. "हो," तो म्हणाला, "चारला दोन मिनिटं आहेत, ठाऊक आहे मला. जरा थांबा."

तोही किटलीकडे बघू लागला. किटली फार सावकाश तापत होती. ती कुजबुजली, मग सुसू करू लागली. मेलेने नोलीनबाईंचा हात धरला होता आणि बाईंनी तो धरू दिला होता, हेही एरवी झालं नसतं. मग वाफ उसळली आणि खटका पडला.

डॅरिलने खिशातून वायरिंग सुरक्षित असल्याच्या दाखल्याचा कागद काढला, साबणाच्या हाताने सही केली आणि रॉसपुढे धरला.

रॉसने कागद वाचला. आईकडे पाहिलं. टोपी, पर्स, बॅग. "ती खोली द्या दुसऱ्या कोणाला तरी," तो फोनवर म्हणाला, आणि मग त्याने स्वतःच बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. आला तेव्हा नाक शिंकरत होता.

"काम झालं कसं पण?" त्याने विचारलं. "आई फोनवर म्हणत होती पाइप बुजला."

डॅरिलने छताकडे पाहिलं. मर्व्हने पक्ष्याकडे. नोलीनबाईंनी मात्र मर्व्हच्या मनगटावरचा वायरीचा लाल वळ पाहिला, कोपरापर्यंतचा साबणाचा फेस पाहिला, शर्टावर सांडलेला करड्या प्लास्टिकचा भुसा पाहिला. टोपी काढून त्यांनी पाच कप मांडले.

सोमवारी सकाळी डॅरिल मर्व्हच्या स्वयंपाकघराच्या कडेने राहिलेल्या दोन क्लिपा बसवायला आला. मर्व्ह दारातच उभे होते. हातात एक टंकलेला कागद होता.

"दाराखालून सरकवलाय," ते म्हणाले. "वाच."

डॅरिलने वाचला. नियम नऊचा भंग. फ्लॅट तीनमध्ये समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय पाइप बसवण्यात आला आहे. त्यावर विचार करण्यासाठी पुढच्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता फ्लॅट चारमध्ये सभा होईल. सात दिवसांची रीतसर सूचना देण्यात येत आहे. अध्यक्षांनी खुलाशासह हजर राहावे. येताना खायला काहीतरी करून आणावे. सेक्रेटरी, नो. ट्रेगिअर.

डॅरिलचा पारा चढला. "ही काय पद्धत झाली? तुम्ही त्यांच्यासाठी एवढं केलंत आणि त्या तुमच्यावरच कारवाई करतायत!"

"करतेय ना," मर्व्ह म्हणाले. त्यांनी कागद परत घेतला आणि तारखेच्या ओळीवरून हलकेच अंगठा फिरवला. "पुढच्या सोमवारी. तिच्या घरी."

मग ते घाईघाईने आत वळले. "त्या क्लिपांचं नंतर बघ. आधी सांग, तुला केक करता येतो का? मला येत नाही, पण सात दिवस आहेत."